तुझा हात, माझे कान

॥ जय सेवालाल ॥

लोहारा, यवतमाळ
ता. १६ जून २०२४

चि. भीमसिंग यास,
धनसिंगदादाचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. आम्ही दोघं इथं ठीक आहोत. तू म्हणशील, खिशात फोन असताना दादा पत्र कायले लिहून राह्यला. फोनवर तुझं बोलणं मले नुसतं खरखर ऐकू येते. मी दोनदा ‘हो हो’ म्हणतो अन् जमनीकडे फोन देतो. कागदावरचं तरी सगळं समजते. आश्रमशाळेत गुरुजींनी छडी घेऊन आपल्याकडून पत्राचे मायने पाठ करून घेतले, ते वाया कायले जाऊ द्यायचे?

मागच्या रविवारी जमनी तुझ्याशी फोनवर बोलत होती. पदर तोंडाले लावून हासत होती, पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मी विचारलं, काय म्हणला भीम? म्हणते, काही नाही. काही नसताना माणूस एवढं हासते का? माझ्याशी ती दोन वाक्यं बोलते अन् तेच पुन्हा सांगायची वेळ आली की हात झटकून उठते. दिराशी बोलायले मात्र तिच्याजवळ सवड अन् शब्द दोन्ही हाय.

याडीले मी किती खेपा म्हटलं, थोड्या दिवसांसाठी यवतमाळले ये. तिचं एकच, भीमले एक हात हाय, त्याच्यापाशी मायनं राहायले पाहिजे. ज्याले दोन हात त्याले माय नको, असं कुठं लिहिलं हाय?

तुझा हात गेला त्याचं मले वाईट वाटते, यात खोटं नाही. पण मनातलं तुलेच लिहितो, दुसऱ्या कोणाले लिहू? तुले भरपाई भेटली. गिरणीनं पुसदच्या कापूस खरेदीच्या फाटकावर खुर्ची दिली, डोक्यावर पंखा. एसटीत बसलास की लोक उठून जागा देतात. मी तुझ्याआधी त्या गिरणीत लागलो अन् अजून सूत कातायच्या रिंग फ्रेमच्या रांगेत उभाच हाय, कानात कापसाचे बोळे कोंबून. सुपरवायझर म्हणते, धनसिंग माजला, सांगितलेलं ऐकत नाही. माझ्याकडे पाहून कोणी उठत नाही.

सलोनीले गोड पापा. याडीले माझा दंडवत. दादावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा,
धनसिंग

---

पुसद
ता. ९ जुलै २०२४

ती. धनसिंगदादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. सलोनीनं वाचून दाखवलं अन् ‘माजला’ या शब्दावर थांबून माझ्याकडे पाहिलं. पुढचं मग मीच मनात वाचलं.

वहिनी हासली ते तुझ्यावरच, दादा. तुले चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, बसवून गेली होती, कुकरच्या शिट्ट्या मोज म्हणून. तू बसून राह्यलास अन् भात करपून काळा झाला. वर तिलेच म्हणालास की शिट्टी झालीच नाही. शेजारची बाई भिंतीपलीकडून ओरडली तेव्हा कुठं गॅस बंद झाला. मी पण हासलो. आता पोट भरलं का तुझं?

खुर्चीचं म्हणशील तर ये अन् बस एक दिवस. कापसाच्या गाड्या आल्या की फाटक उघडायचं, गेल्या की लावायचं. लोक आधी माझी बाही पाहतात, मग तोंड. एसटीत जागा देणारा माणूस उतरेपर्यंत माझ्याकडे पाहत नाही. ती जागा तुले पाहिजे तर घेऊन जा.

मलेही तुझं लिहू दे. मागच्या दिवाळीतला आपला फोटो याडीनं भिंतीले लावला हाय. मी त्यात तुझं तोंड पाहत नाही, तुझी मनगटं पाहतो. तू पोरीची वेणी घालू शकतोस, पण तुले पोरगी नाही. मले पोरगी हाय, तर तिची वेणी घालायले याडी लागते. भाकर कुस्करून घ्यायची तर ताट पळते. नाडा बांधायले दात लागतात. एकच गोष्ट सुधरली, डाव्या हातानं माझं अक्षर उजव्यापेक्षा चांगलं आलं. गुरुजी असते तर चकित झाले असते.

त्या दिवसाबद्दल मी तुले कधी काही विचारलं नाही, दादा, अन् विचारणारही नाही. तू कापसाच्या पेळूचे डबे न्यायले माझ्या मशीनपाशीच आलतास, एवढंच मले माहीत. ते तिथंच राहू दे.

याडी बरी हाय. तिचे आशीर्वाद. राग ठेव, पण माया त्याच्याहून जास्त ठेव.

तुझा धाकटा,
भीम

---

लोहारा
ता. २१ ऑक्टोबर २०२४

चि. भीमभाऊ,
जमनीवहिनीचा आशीर्वाद.

हे पत्र मी यायले, तुमच्या दादाले, न सांगता लिहून राह्यली. सातवी शिकलेल्या बाईच्या चुका पोटात घाला.

पोळ्याच्या आधी गिरणीच्या आवारात कापसाचा ट्रक मागं येऊन राह्यलता. क्लीनर ओरडला, हॉर्न वाजला, सगळे ओरडले. तुमचे दादा पाठमोरे चालतच होते. एका हमालानं शर्टाले धरून ओढलं म्हणून वाचले. वाचले तर वाचले, दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं बोलावून सांगतलं, हा माणूस स्वतःही मरन अन् आम्हालेही अडकवन. कामावरून कमी केलं. घरी येऊन मले म्हणाले, मी राजीनामा दिला. खरं मले हमालाच्या बायकोनं सांगतलं.

मग मी यायले मोठ्या दवाखान्यात कानाच्या मॅडमकडे नेलं. काचेच्या खोलीत बसवून कानावर डब्बे लावले अन् हातात बटण दिलं. आवाज आला की दाबा. हे बटण धरून बसले, अन् दाबतच नव्हते. मी बाहेरून पाहून राह्यलती. मले वाटलं मशीन बंद हाय. मी मॅडमले तसं म्हटलंही. मॅडम म्हणाल्या, बाई, मशीन चालू हाय.

मॅडमनं समजावून सांगतलं. कानात आत बारीक केस असतात, गव्हाच्या लोंबीवरच्या कुसळासारखे. रोजच्या मोठ्या आवाजानं ते मोडतात अन् पुन्हा उगवत नाहीत. पहिले बारीक आवाज जातात. शिट्टीचा, पाखराचा, बाईमाणसाचा. जाड आवाज मागून. मी इतकी वर्षं समजत होती, हा माणूस मले टाळते. भाऊ, मी किती भांडली यायच्याशी! एकदा तर रागानं माहेरी जाऊन राह्यली होती.

मॅडम म्हणाल्या, हा कामानं झालेला आजार हाय, हात तुटल्यासारखाच, अन् याचीही भरपाई असते. धम्मरत्न वकील म्हणून हायत, गिरणीवाल्या मजुरांच्या केसा चालवतात, त्यायनं कामगार कोर्टात अर्ज टाकला. गिरणीचं म्हणणं, हे कान लग्नातल्या डीजेनं गेले, नाहीतर घराण्यातच बहिरेपण असन. कान झाकायचे टोप इन्स्पेक्टर येणार असले की वाटत अन् संध्याकाळी मोजून परत घेत, हे कोर्टात सांगायले कोणी तयार नाही. ज्यायले नोकरी हाय ते बोलत नाहीत.

तुमचीही नोकरी गिरणीचीच हाय, हे मले समजते. तरी विचारते. साक्ष द्याल का? तुमचे दादा मरतील पण तुम्हाले विचारणार नाहीत. त्यायच्या मनात तुमच्याबद्दल काय हाय ते तुम्हाले माहीत हाय.

सलोनीले, जाऊबाईले, सगळ्यायले आठवण सांगा. वहिनीवरचा विश्वास असाच ठेवा.

तुमची,
जमनी

---

पुसद
ता. ३० ऑक्टोबर २०२४

सौ. जमनीवहिनीस,
भीमसिंगचा नमस्कार.

पत्र वाचलं. दोनदा वाचलं, मग खिशात घालून फाटकावर गेलो अन् तिथं पुन्हा वाचलं.

साक्षीचं मी आत्ता काही म्हणत नाही. गिरणीचा माणूस परवाच फाटकावर चहा प्यायले आलता. दादाची चौकशी केली, मग माझ्या खुर्चीची, मग सलोनीच्या शाळेची. शाळेची चौकशी त्यानं कायले केली ते मले समजलं.

पण वहिनी, माझं एक काम करा. त्या मॅडमले विचारा, असे कान हळूहळू जातात की एकदम? माझा हात गेला त्या साली दादाचे कान गेलेले असतील का? विसरू नका. हे मले साक्षीहून जास्त पाहिजे.

दादाले या पत्राचं सांगू नका. मोठ्यांच्या पायाशी नमस्कार.

आपला दीर,
भीमसिंग

---

लोहारा, १२ नोव्हेंबर

भीमभाऊ, आशीर्वाद. घाईत दोनच ओळी. मॅडमले विचारलं. म्हणाल्या, हे नुकसान पहिल्या दहा वर्षांतच सगळ्यात जास्त होते, मग फक्त वाढत राहते. तुमच्या हाताच्या वेळी यायचे कान बरेच गेलेले असणारच. माणसाले स्वतःले ते समजत नाही. तुम्ही हे काहून विचारलं ते लिहा. — जमनी

---

लोहारा, यवतमाळ
ता. १४ मार्च २०२५

भीमसिंग यास,

आशीर्वाद लिहायले आज हात उठत नाही, तो तू समजून घे.

गिरणीत सुरक्षा सप्ताह झाला. तुझा फोटो जुन्या कामगारांच्या ग्रुपवर आला. स्टेजवर तू, गळ्यात हार, बाजूले मॅनेजर, त्याचा हात तुझ्या खांद्यावर. मागं फलकावर लिहिलं हाय, ‘कामगार हाच आमचा परिवार’. ज्या मॅनेजरनं तुझ्या भावाले हाकललं त्याच्या बाजूले तू उभा राह्यलास. हासत नव्हतास, हे मी पाह्यलं. पण उभा तर होतास.

जमनी म्हणते, त्यांचाही नाइलाज असेल. तुझी बाजू घ्यायले ती नेहमी तयार. मले आता समजलं की तिचा आवाज मले काहून ऐकू येत नव्हता. तरी जीव जळायचा तो जळतेच. आवाज तुले पूर्ण भेटतो, मले तिचे हलणारे ओठ.

मी दिवसभर घरी बसतो. लोक समोर बोलतात, हासतात, अन् मले वाटते माझ्यावरच. कोणाले सांगायची सोय नाही. तुझी बाही रिकामी दिसते, भीम. लहान पोरालेही समजते की या माणसाचं काही गेलं. माझे दोन्ही कान जागेवर हायत, बाळी घालायच्या छेदासकट. कोर्टात गिरणीच्या वकिलानं माझ्याकडे बोट दाखवलं अन् काहीतरी म्हणला, लोक हासले. धम्मरत्नभाऊनं मग लिहून दाखवलं, ‘साहेब, याले पगाराचा दिवस तर बरोबर ऐकू येते.’ देवानं घ्यायचंच होतं तर माझा हात घेतला असता, असं मले त्या दिवशी वाटलं. हे लिहिलं म्हणून मले पाप लागत असेल तर लागो.

जमनीनं तुले साक्षीचं लिहिलं, ते मले समजलं. तू येऊ नकोस. माझं अडलेलं नाही. तुझी खुर्ची तुले लखलाभ. याडीले मी बरा हाय म्हणून सांग.

धनसिंग

---

लोहारा, यवतमाळ
ता. ११ जुलै २०२५

चि. भीमसिंग यास,
अनेक आशीर्वाद. मागच्या पत्रातले राहिलेलेही यातच घे.

परवा तुले कोर्टाच्या दारात पाह्यलं तेव्हा मले वाटलं तू गिरणीकडून आलास. मी उठून बाहेरच जाणार होतो, जमनीनं हात धरला. मग तू आमच्या बाजूनं साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राह्यलास.

तू किती वेळ बोललास! मी तुझ्या तोंडाकडे पाहून राह्यलो. तू डाव्या हातानं मशीन दाखवलं, मग रिकामी बाही वर केली. मग माझ्याकडे बोट केलं, अन् पाठ वळवून दाखवली. गिरणीचा वकील उठला, काही विचारलं, तू मान हलवून एकच वाक्य बोललास अन् तो खाली बसला. मागच्या बाकावरचे लोक माझ्याकडे पाहू लागले. जमनीनं तोंडात पदर घातला होता. जज साहेबांनीही चष्मा काढून पुसला. सगळ्या खोलीनं तुझं ऐकलं, भीम. ज्याच्यासाठी बोललास तो एकटा राह्यला.

बाहेर आल्यावर तू पाया पडलास अन् पुसदच्या गाडीसाठी पळालास. मी धम्मरत्नभाऊले विचारलं, तो म्हणला भावालेच विचारा. जमनीले विचारलं, तर रडते. तिच्यावर चिडलो, तरी सांगत नाही. आतापर्यंत तुझ्या हाताचा, खुर्चीचा हेवा केला. आता त्या बाकावर बसलेल्या अनोळखी माणसांचाही हेवा वाटून राह्यला, की त्यायले ठाऊक हाय अन् मले नाही.

तू काय बोललास ते लिहून पाठव. सगळं लिही. मले वाईट वाटेल म्हणून काही गाळू नकोस, मी तुझा मोठा भाऊ हाय.

उत्तराकडे डोळे लागले आहेत, एवढं समजून लोभ कर.

तुझा दादा,
धनसिंग

---

पुसद
ता. २० जुलै २०२५

ती. धनसिंगदादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र लिहायले मी आठवडा घेतला. फाटकावरून साक्षीच्या दुसऱ्याच दिवशी मले मोकळं केलं, म्हणजे वेळ भरपूर होता. कारण सांगितलं की आता तिथं माणसाची गरज नाही. सलोनीची माय शेजाऱ्याकडून दोन शेळ्या अर्धलीनं, म्हणजे पिलं अर्धी अर्धी वाटायच्या बोलीवर, घेऊन आली. तू याचा जीवाले घोर लावू नकोस.

तुले सगळं पाहिजे, तर सगळं लिहितो.

धम्मरत्नभाऊनं विचारलं, गिरणीत आवाज किती असायचा. मी म्हटलं, शेजारच्या माणसाशी बोलायचं तर आम्ही हातानं खुणा करत होतो. टोपाचं विचारलं, तेही सांगितलं. मग विचारलं, धनसिंगचे कान गिरणीतच गेले, हे तुम्ही कशावरून म्हणता?

तेव्हा मी माझ्या हाताचं सांगितलं. मशीनमध्ये कापूस अडकला होता, मी काढायले गेलो अन् बाही ओढली गेली. दादा, तू माझ्या मागंच होतास. पाठमोरा, डबे गाडीवर चढवत. बंद करायचं लाल बटण तुझ्या डाव्या हाताले होतं, नुसता हात लांब केला असता तर पोचला असता. मी ‘दादा’ म्हणून हाक मारली. पहिल्यांदा बोटंच गेली होती. मी पुन्हा मारली. तू डबा उचललास, फडक्यानं पुसलास अन् गाडीवर ठेवलास. शेडच्या पार दुसऱ्या टोकाले फिटर होता, त्याले माझा आवाज गेला. तो धावत आला अन् त्यानं बटण दाबलं. तोपर्यंत मनगट गेलं होतं. तो तुझ्या अंगावरून धावला तेव्हा तू वळलास.

मी साहेबायले म्हटलं, त्या फिटरले विचारा. त्याले गिरणीत लागून महिनाच झाला होता, त्याचे कान नवे होते. तेवढ्या लांबून त्याले ऐकू आलं अन् हाताच्या अंतरावरून माझ्या सख्ख्या भावाले आलं नाही.

गिरणीच्या वकिलानं विचारलं, मग इतकी वर्षं हे का सांगितलं नाही? मी म्हटलं, मले वाटत होतं की त्यानं ऐकलं अन् तो भ्यायला.

हे ते वाक्य, दादा. इतकी वर्षं मी हेच धरून बसलो होतो. दवाखान्यात तू माझ्या उशाशी रडत होतास अन् मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. तुले वाटलं, दुखते म्हणून. तुझी दोन धडधाकट मनगटं पाहिली की मले वाटायचं, एक हात नुसता लांब केला असता यानं. वहिनीनं त्या काचेच्या खोलीचं लिहिलं, बटण हातात धरून बसल्याचं, तेव्हा मी फाटकावर ट्रक उभा ठेवून तसाच उभा राह्यलो. ड्रायव्हर शिव्या देत होता.

स्टेजवर मी गेलतो, ते खरं. तेव्हा माझं ठरत नव्हतं. खुर्चीचा लोभ होता, अन् तुझ्यावरचा रागही पुरता गेला नव्हता. हार घातला तेव्हा मॅनेजरनं भाषण केलं की या कामगाराच्या स्वतःच्या चुकीनं अपघात झाला, तरी गिरणीनं त्याले सांभाळलं. मी तिथंच ठरवलं.

एवढंच बोललो मी. तुझ्या हातून काही झालं नाही, दादा. हे मी कोर्टात शपथेवर सांगितलं हाय, आता तुले सांगतो.

याडी म्हणते, मले यवतमाळले पाठव. तयारी करून बसली हाय. माझ्यावर माया होती तेवढीच राहू दे.

तुझा,
भीम

---

लोहारा, यवतमाळ
ता. ७ डिसेंबर २०२५

चि. भीमसिंग यास,
दादाचे खूप खूप आशीर्वाद.

तुझ्या पत्राले उत्तर द्यायले दिवाळी गेली, रागावू नकोस. पहिले काही दिवस मी जेवलो नाही. डबा पुसत होतो ते मले आठवते, भीम. त्यावर तेलाचा डाग होता. तेवढंच आठवते. जमनीनं अन् याडीनं मिळून मले माणसात आणलं. याडी तुझी चौकशी रोज करते अन् माझी कधीच नाही. पण आता ती माझ्यासमोर बसून करते, तर चालवून घेतो.

कोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागला. हा आजार कामामुळेच झाला, असं साहेबांनी लिहिलं. गिरणी वरच्या कोर्टात जाणार म्हणते, जाऊ दे. धम्मरत्नभाऊ म्हणाले, तुझ्या साक्षीवर निकाल उभा हाय. मले रोपवाटिकेत काम भेटलं, शांत जागा हाय. त्यायले अजून एक माणूस पाहिजे, पिशव्यांत माती भरायची, एका हातानं होते. मी तुझं नाव सांगून ठेवलं. पाहा, तुझ्या शेळ्यांचा अन् सलोनीच्या मायचा विचार घे.

मॅडमनं कानाले यंत्र लावून दिलं. पहिला दिवस फार वाईट गेला. भांडं पडलं तर डोक्यात पडल्यासारखं वाटे. कावळे एवढे ओरडतात हे मी विसरलोच होतो. जमनी बोलली अन् मी दचकलो. तिचा आवाज मी ठरवला होता त्याहून बारीक निघाला, अन् थोडा चिडकाही. ती म्हणते, चिडका तुम्हीच केला. माणसाचे शब्द पुरते उमगत नाहीत अजून. मॅडम म्हणाल्या, सगळं परत येणार नाही, पण ओळखीचा आवाज लवकर समजते.

म्हणून तुले आता पत्र लिहू नको म्हणतो. रविवारच्या पहिल्या गाडीनं निघून ये, सलोनीलेही आण. मी अंगणात राहीन, फाटकाकडे पाठ करून. आल्यावर खांद्याले हात लावू नको, कडी वाजवू नको. फाटकातूनच हाक मार. एकदा ऐकू नाही आली तर दुसऱ्यांदा मार, थांबू नकोस.

वाट पाहतो.

तुझा दादा,
धनसिंग